दारुड्या नवऱ्यावर गाणं रचणारी लोरेटा

आपल्या आज्या जात्यावर ओव्या रचायच्या. त्यात माहेर यायचं, सासुरवासही यायचा. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतही घरातलं सुखदुःख सांगणारं गाणं आहे, त्याला कंट्री म्युझिक म्हणतात. त्यात नाव काढलेल्या लोरेटा लिनबद्दल आज आम्ही सांगणार आहोत.

लोरेटाचा जन्म १९३२ सालचा, केंटकी राज्यातल्या डोंगराळ भागातला. वडील कोळशाच्या खाणीत मजूर. आठ भावंडं. शनिवारी रात्री घरच्या रेडिओवर गाणी लागायची, तेवढीच काय ती करमणूक. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यामागे ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेली. विशीपर्यंत चार लेकरं! पुढे आणखी दोन, तीही जुळी.

नवऱ्याने तिला गिटार आणून दिली. ती शिकली मात्र आपली आपणच. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली. मग दोघं गाडी काढून गावोगावच्या रेडिओ केंद्रांवर गेले, गाडीतच झोपले. केंद्रात जायचं, रेकॉर्ड द्यायची, एवढी लावा म्हणायचं. आम्ही रेडिओवाल्या, म्हणून आम्हाला हे फार आवडलं.

हाच नवरा दारूही प्यायचा, बाहेरख्यालीही होता. लोरेटाने ते झाकलं नाही. पिऊन आलास तर जवळ येऊ नकोस, असं बजावणारं गाणं तिने बहिणीसोबत लिहिलं. १९६७ मध्ये ते कंट्री गाण्यांत पहिल्या क्रमांकावर गेलं. तरी नवरा जाईपर्यंत संसार केला तिने त्याच्याशीच. ते बरोबर की चूक, यावर आमच्यातच दोन तट पडले.

१९७२ मध्ये कंट्री संगीताच्या संघटनेचा वर्षातल्या सर्वोत्तम कलाकाराचा मान तिला मिळाला. तोवर तो एकाही बाईला मिळाला नव्हता.

पण खरी खळबळ उडाली १९७५ मध्ये. दरवर्षी बाळंतपण सोसणाऱ्या बाईला गर्भनिरोधक गोळी मिळते आणि ती नवऱ्याला म्हणते, आता माझ्या मर्जीने. असं ते गाणं होतं. कित्येक रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. तरी ते खपलं. लोरेटा सांगायची, की खेड्यातले डॉक्टर तिला येऊन म्हणत, आमच्या माहितीपत्रकांनी जे झालं नाही ते तुमच्या गाण्याने झालं.