राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९

राष्ट्रीय न्यास अधिनियम हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठी भारतीय संसदेने संमत केलेला कायदा आहे. १९९९ चा ४४ वा अधिनियम म्हणून तो ओळखला जातो. ३० डिसेंबर १९९९ रोजी त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या कायद्यान्वये स्थापन झालेली 'राष्ट्रीय न्यास' ही वैधानिक संस्था केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करते. अठरा वर्षांवरील विकासात्मक विकलांग व्यक्तीसाठी न्यायालयात न जाता, जिल्हा पातळीवरच कायदेशीर पालक नेमता यावा, ही या कायद्यातील सर्वाधिक वापरली जाणारी आणि सर्वाधिक वादग्रस्त ठरलेली तरतूद होय.

पार्श्वभूमी

विकासात्मक विकलांगता जन्मतः किंवा बालपणीच प्रकट होते आणि बहुधा आयुष्यभर राहते. औषधोपचाराने बरा होणारा हा आजार नव्हे. तरीही दीर्घकाळ भारतीय कायद्याने या व्यक्तींना मनोरुग्णांपासून वेगळे मानले नाही. १९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमात 'वेडा' या संज्ञेच्या व्याख्येतच जन्मजात बौद्धिक न्यूनता असलेल्यांचा समावेश होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने ही गल्लत दूर केली आणि मतिमंदत्वाला मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळले. मात्र या सुधारणेमुळे एक नवी पोकळी निर्माण झाली. मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय नव्या कायद्यात होती. बौद्धिक विकलांग प्रौढासाठी तशी सोय कोठेच उरली नाही. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम अज्ञान व्यक्तींपुरताच मर्यादित होता.

परिणामी मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होताच आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व संपुष्टात येत असे. मराठीत 'पालक' हा एकच शब्द जन्मदात्यांसाठी आणि कायद्याने नेमलेल्या रक्षकासाठीही वापरला जातो. त्यामुळे आपण मुलाचे पालक आहोतच, मग वेगळ्या नेमणुकीची गरज काय, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. बँकेतील खाते, वडिलोपार्जित घरातील हिस्सा किंवा कुटुंब निवृत्तिवेतन यांचा प्रश्न उभा राहिला, की हा समज चुकीचा असल्याचे ध्यानात येते.

विशेष म्हणजे या क्षेत्रातील आरंभीच्या अनेक संस्था पालकांनीच उभारल्या. मुंबईतील जय वकील शाळेची सुरुवात १९४४ मध्ये वकील दांपत्याने केली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईतच स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. त्यांच्या कन्येला सेरेब्रल पाल्सी होती. शाळांतून शिकलेली मुले प्रौढ होऊ लागली आणि आईवडील वृद्ध झाले, तसा शिक्षणाचा प्रश्न मागे पडून 'आमच्यानंतर काय?' हा प्रश्न पुढे आला. डोंबिवलीजवळील खोणी येथे अमेय पालक संघटनेने चालवलेले 'घरकुल' हे प्रौढांसाठीचे निवासी केंद्र याच चिंतेतून आकारास आले. १९९० च्या दशकात निरनिराळ्या राज्यांतील पालक संघटना 'परिवार' या राष्ट्रीय महासंघाच्या रूपाने एकत्र आल्या.

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. त्यांत मतिमंदत्वाला स्थान मिळाले, सेरेब्रल पाल्सी अस्थिव्यंगाच्या व्याख्येत आली, परंतु स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. शिवाय त्या कायद्याचा भर शिक्षण आणि नोकरीतील आरक्षणावर होता. ज्यांना आयुष्यभर दैनंदिन साहाय्य लागते, त्यांच्यासाठी त्यात फारसे काही नव्हते. स्वतंत्र कायद्याची मागणी या उणिवेतून बळावली.

स्वरूप

न्यासाची उद्दिष्टे कायद्याच्या कलम १० मध्ये दिली आहेत. त्यांतील पहिले उद्दिष्ट असे, की या व्यक्तींना आपल्या समाजात आणि समाजाच्या शक्य तितक्या निकट राहून स्वतंत्र व परिपूर्ण जीवन जगता यावे. मातापित्यांच्या निधनानंतरची काळजी आणि संरक्षण हे त्यापुढील एक उद्दिष्ट आहे. आईवडिलांच्या पश्चात विकलांग व्यक्तीची रवानगी दूरच्या एखाद्या संस्थेत होणे ही नेहमीची गोष्ट असलेल्या काळात, 'समाजाच्या निकट' हे शब्द कायद्यात येणे महत्त्वाचे होते.

केंद्र सरकारने न्यासाला एकदाच १०० कोटी रुपयांचा मूळ निधी द्यावा, अशी तरतूद करण्यात आली. न्यासाच्या मंडळावर विविध मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांबरोबरच पालक संघटना, विकलांग व्यक्तींच्या संघटना आणि स्वयंसेवी संस्था यांचे प्रतिनिधी असतात. 'निरामय' ही न्यासाची आरोग्य विमा योजना असून तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट तिच्यात नाही. अन्य विमा कंपन्या ज्यांना सहसा नाकारत, त्यांच्यासाठी ही बाब मोलाची ठरली. 'घरौंदा' ही योजना प्रौढांच्या निवासासाठी, तर 'सहयोगी' ही काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी आहे.

स्थानिक स्तर समिती

पालक नेमण्याचा अधिकार कायद्याने 'स्थानिक स्तर समिती'कडे सोपवला आहे. समितीत किमान तीन सदस्य असतात: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, न्यासाकडे नोंदणीकृत असलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. दर तीन महिन्यांतून किमान एकदा तिची बैठक होणे अपेक्षित आहे. न्यायालयीन खर्च आणि विलंब टाळण्याचा हेतू यामागे होता.

आईवडील किंवा नातेवाईक पालकत्वासाठी अर्ज करू शकतात. विकलांग व्यक्तीला पालकाची आवश्यकता आहे काय, आणि असल्यास कोणत्या प्रयोजनासाठी, या दोन्ही बाबी समितीने विचारात घ्याव्यात, असे कलम १४ सांगते. हे दोन्ही प्रश्न केवळ औपचारिक नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीचे बोलणे इतरांना कळत नसले, तरी तिची बुद्धी पूर्णतः अबाधित असू शकते. मिठू अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांनी 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र एका बोटाने टंकलेखन करून लिहिले. अशा व्यक्तीला केवळ निदानाच्या आधारे पालक नेमला गेला, तर साहाय्यासाठी केलेला कायदाच तिचा आवाज काढून घेतो. चार अगदी भिन्न अवस्था एकाच कायद्यात एकत्र आणल्यामुळे हा धोका वाढला आहे.

नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि त्यानंतर दरवर्षी जमाखर्चाचा हिशेब समितीला सादर करणे बंधनकारक आहे. छळ, हेळसांड किंवा मालमत्तेचा अपहार झाल्यास पालकाला दूर करण्याची तरतूद कलम १७ मध्ये आहे. मात्र अशा तक्रारीचा अधिकार आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्थेला दिलेला आहे. ज्या व्यक्तीसाठी पालक नेमला, तिचा उल्लेख त्या कलमात नाही.

पालकत्व आणि स्वनिर्णय

दुसऱ्याने घेतलेला निर्णय कोणत्या थराला जाऊ शकतो, हे महाराष्ट्राने कायदा होण्यापूर्वीच पाहिले होते. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील काही मतिमंद मुलींवर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण पुढे करण्यात आले. महिला संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला आणि प्रकरण देशभर गाजले. या मुलींची संमती कोणी विचारली होती काय, हा त्या वादातील कळीचा मुद्दा होता.

२००९ मध्ये हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या खटल्यात आला. शासकीय निवारागृहात राहणारी, सौम्य बौद्धिक विकलांगता असलेली एक तरुणी बलात्कारातून गर्भवती राहिली होती. तिला मूल हवे होते, तरीही पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. गर्भपातविषयक कायद्यात पालकाच्या संमतीची तरतूद मनोरुग्ण स्त्रीसाठी आहे, मतिमंद स्त्रीसाठी नाही, आणि म्हणून या तरुणीची स्वतःची संमती आवश्यक आहे, असे न्यायालयाने म्हटले. तिची आणि बाळाची काळजी घेण्याची तयारी राष्ट्रीय न्यासाने न्यायालयापुढे दर्शवली होती. पालकत्वाचा कायदा राबवणारी संस्था येथे एका स्त्रीच्या स्वतःच्या निर्णयास आधार देण्यासाठी उभी राहिली, हे उल्लेखनीय आहे.

दरम्यान भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराला अनुसमर्थन दिले. या कराराचा अनुच्छेद १२ प्रत्येक अपंग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता असल्याचे मानतो. व्यक्तीच्या वतीने निर्णय घेण्याऐवजी तिला निर्णय घेण्यास साहाय्य करावे, हा त्याचा आशय आहे. पालक संघटनांपैकी अनेकांना ही भूमिका व्यवहारात अपुरी वाटते. ज्या प्रौढास बोलता येत नाही आणि पैशाचे मूल्य कळत नाही, त्याच्या नावावरील घर बळकावले जाऊ नये, यासाठी उत्तरदायी असलेली कोणी एक व्यक्ती कायद्याला हवीच, असे त्यांचे म्हणणे आहे. अपंग हक्क कार्यकर्त्यांच्या मते बळकावणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो, आणि पालकत्वाचा कागद त्याच्याच हाती पडू शकतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे अनुभवावर आधारलेले आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मधला मार्ग स्वीकारला. त्यातील 'मर्यादित पालकत्व' हे विशिष्ट कालावधी, विशिष्ट निर्णय आणि विशिष्ट परिस्थितीपुरते असते. पालक आणि संबंधित व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार संयुक्तपणे निर्णय घ्यावा, असे त्यात अभिप्रेत आहे. अन्य कोणत्याही कायद्यानुसार नेमलेला पालक यापुढे मर्यादित पालक म्हणूनच काम करील, असेही कलम १४ मध्ये नमूद आहे. मात्र नव्या कायद्याने केवळ १९९५ चा अधिनियम रद्द केला. राष्ट्रीय न्यास अधिनियम कायम राहिला. त्यामुळे पालकत्वाच्या दोन व्यवस्था एकाच वेळी अस्तित्वात आहेत.

संज्ञा

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद 'मतिमंद' या वर्गात झाली. स्वमग्नतेसाठी त्या जनगणनेत स्वतंत्र वर्ग नव्हता. २०१६ च्या अधिनियमाने 'बौद्धिक विकलांगता' ही संज्ञा स्वीकारली आणि स्वमग्नतेला वेगळे स्थान दिले. राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या पूर्ण नावात मात्र 'मतिमंदत्व' हा शब्द अद्याप आहे.