टाळी वाजते तेव्हा रंगमंचावर काय घडते?

कलावंताला मिळणारी दाद ही रसिकाची उत्स्फूर्त देणगी असते, असे आपण मानतो. परंतु दाद केव्हा द्यावी, कोणत्या जागी द्यावी आणि कोणत्या जागी आवरून धरावी, याचेही काही संकेत असतात. ते कुठे लिहून ठेवलेले नसतात आणि प्रत्येक कलाप्रकारात ते वेगळे असतात. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांमधील प्रेक्षकांकडे पाहिले, तर ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

भीमेच्या उत्तरेला शिरूर आणि दक्षिणेला दौंड. न्हावरे ते चौफुला हा रस्ता या दोन्ही तालुक्यांना जोडतो. येथील प्रेक्षक एकाच वर्षात तीन प्रकारच्या रंगमंचांसमोर बसतो. सप्ताहात तो कीर्तन ऐकतो, चैत्र-वैशाखातील यात्रांमध्ये तमाशा पाहतो आणि एखादे गाजलेले नाटक पाहण्यासाठी पुण्याची वाट धरतो. तिन्ही ठिकाणी टाळी वाजते. मात्र तिचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा असतो.

एकच टाळी, तीन अर्थ

संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे मुक्काम दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड येथे असतात. तेथे रात्री होणाऱ्या कीर्तनात श्रोते टाळी वाजवतात, ती कीर्तनकाराच्या कौतुकासाठी नव्हे. ती नामाच्या ठेक्याची टाळी असते. वाजवणारा त्या क्षणी श्रोता न राहता कीर्तनाचाच एक भाग झालेला असतो. निरूपण सुरू झाले की टाळी आपोआप थांबते आणि नामघोष आला की पुन्हा सुरू होते. ती कोणी शिकवावी लागत नाही.

तमाशातील टाळी हा कलावंत आणि प्रेक्षक यांच्यातील संवाद असतो, तर नाट्यगृहातील टाळी ही मिळालेल्या आनंदाची पोच असते. अडचण उद्भवते ती एका ठिकाणची रीत दुसऱ्या ठिकाणी नेली की. नाट्यगृहात शिट्टी वाजवणारा जसा खटकतो, तसाच तमाशाच्या कनातीत हाताची घडी घालून अबोल बसलेला पाहुणाही कलावंताला बुचकळ्यात टाकतो. समोरून प्रतिसादच आला नाही, तर सोंगाड्याने पुढचा विनोद कोणाच्या आधारावर करावा?

तमाशातील जागा

शिरूर तालुक्याचे तमाशाशी जुने नाते आहे. कवठे येमाई या गावाने लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (१९४७-२०२१) यांच्यासारखा लेखक या कलेला दिला. लावण्या आणि वगनाट्ये लिहिणाऱ्या या शाहिराला राज्य शासनाचा तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला होता. तमाशाच्या फडांचे मोठे केंद्र असलेले नारायणगावही येथून फार दूर नाही. साहजिकच येथील जुन्याजाणत्या प्रेक्षकाला तमाशाची बांधणी तोंडपाठ असते.

गण, गौळण, बतावणी आणि वग हा पारंपरिक तमाशाचा क्रम. गण ही गणेशाची आळवणी असल्याने तेथे शिट्टी वाजत नाही. गौळणीत मावशी आणि पेंद्या आले की हास्याला वाट मिळते. ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी रंगात येऊन समेवर आदळली की शिट्ट्या वाजतात, टोप्या आणि फेटे हवेत उडतात. ही दाद अडाणीपणाची आहे, असा शहरी समज असतो. प्रत्यक्षात ती अगदी नेमक्या जागी येते. ठेका मध्यावर असताना जाणता प्रेक्षक शिट्टी वाजवत नाही, कारण त्याचा कान समेची वाट पाहत असतो.

बतावणीतील सोंगाड्या तर प्रेक्षकांच्या प्रतिसादावरच उभा असतो. संहिता त्याला केवळ दिशा देते; वाक्य किती लांबवायचे, कोणती कोटी पुन्हा करायची, हे तो समोरच्या हास्याच्या लाटेवरून ठरवतो. हसू ओसरू लागले की पुढचे वाक्य टाकायचे, हे त्याचे तंत्र असते. 'गाढवाचं लग्न' या वगामुळे सर्वदूर पोहोचलेले दादू इंदुरीकर किंवा वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' गाजवणारे दादा कोंडके यांची ख्याती या हजरजबाबीपणामुळेच होती.

वगाचे मात्र वेगळे आहे. तेथे कथा असते आणि कथेला शांतता लागते. राजाचा अन्याय, पतिव्रतेची परीक्षा किंवा एखाद्या वीराचा अंत रंगमंचावर चालू असताना कनातीत जी स्तब्धता पसरते, तीही दादच असते. मध्यरात्र उलटल्यावर उघड्या मैदानावरचे हजारो लोक एका वेळी गप्प होणे, ही कलावंताच्या दृष्टीने कोणत्याही टाळीपेक्षा मोठी पावती होय.

टाळी मत नोंदवते

येथेच दाद देण्याचा प्रश्न केवळ शिष्टाचारापुरता राहत नाही. फडमालक प्रेक्षकांवर बारीक लक्ष ठेवून असतो. ज्या जागेला शिट्ट्या पडतात, ती जागा उद्याच्या गावात लांबते आणि जेथे प्रेक्षक उठून चहाला जातो, ती जागा आखडते. गेल्या काही दशकांत तमाशातील चित्रपटगीतांवरील नृत्ये वाढत गेली आणि वग मागे पडत गेला. याची कारणे अनेक आहेत. त्यातील एक कारण प्रेक्षकांच्या हातात होते. गाण्याला 'पुन्हा एकदा' म्हणून आरोळी ठोकणारा प्रेक्षक वगाच्या वाट्याची वेळ खर्च करत असतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

वेळेचे बंधन आता पूर्वीपेक्षा कडक आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या सन २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. सवलतीचे दिवस मोजकेच असतात. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा खेळ आता घड्याळाकडे पाहत करावा लागतो. अशा वेळी तीनदा मागितलेले एक गाणे म्हणजे वगातील एक प्रवेश कमी, असा सरळ हिशेब असतो.

त्यात भर पडते ती सत्कारांची. खेळ रंगात आला असताना तो थांबवायचा, पाहुण्यांना व्यासपीठावर बोलवायचे, शाल-श्रीफळ द्यायचे आणि निवेदकाने 'जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत' असे फर्मान सोडायचे, हे चित्र गावोगावच्या कार्यक्रमांत दिसते. मागून घेतलेल्या या टाळ्यांमुळे दोन तोटे होतात. कथेचा धागा तुटतो, हा पहिला. दुसरा अधिक गंभीर आहे. सांगितल्यावर टाळी वाजवायची सवय लागलेला प्रेक्षक स्वतःहून दाद द्यायला विसरतो.

दौलतजादा आणि प्रतिष्ठा

दौंड तालुक्यातील चौफुला हे ठिकाण संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखले जाते. येथे प्रेक्षक बैठकीत बसतो आणि कलावंत त्याच्यापासून काही हातांवर असते. फर्माइश केली जाते आणि दाद पैशाच्या रूपाने दिली जाते. यालाच दौलतजादा म्हणतात. कलावंतांच्या कमाईचा हा महत्त्वाचा भाग असल्याने त्याकडे केवळ नाके मुरडून पाहणे योग्य नाही.

मात्र पैसा देणे आणि पैसा उधळणे यांत अंतर आहे. अदब राखून हाती दिलेली बिदागी कलेचा मान ठेवते. अंगावर फेकलेली नोट मात्र देणाऱ्याचा रुबाब दाखवते आणि घेणारीला वाकून ती उचलायला लावते. हा फरक न्यायालयातही विचारात घेतला गेला आहे. राज्यातील डान्सबारविषयीच्या २०१६ च्या कायद्यावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये नर्तिकांना बक्षिसी देण्यास मुभा दिली, पण नोटा उधळण्यावरील बंदी कायम ठेवली. तो खटला तमाशाचा किंवा लावणीचा नव्हता. तरीही त्यामागील विचार प्रत्येक बैठकीला लागू पडणारा आहे.

दाद दिल्याने कलावंतावर कोणताही अधिकार प्राप्त होत नाही, हा या बैठकीचा पहिला संकेत असायला हवा. हात धरणे, व्यासपीठावर चढणे, नकार दिलेल्या गाण्याचा हट्ट धरणे किंवा परवानगीवाचून मोबाईलवर चित्रण करणे यांना दाद म्हणता येत नाही. अशा वर्तनाची किंमत मोजावी लागते ती कलावंत स्त्रीला. प्रेक्षक गैरवागला, तरी बदनामी तिच्या कलेची होते, हा तमाशाच्या इतिहासातील जुना अन्याय आहे.

याच परंपरेत प्रेक्षकांच्या सुसंस्कृतपणाचेही एक उदाहरण सांगितले जाते. विठाबाई नारायणगावकर गरोदर असताना खेळ करत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. रंगमंचामागे त्यांनी बाळाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि त्या पुन्हा खेळासाठी उभ्या राहिल्या. काय घडले आहे हे प्रेक्षकांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला आणि बाईंना विश्रांती घेण्यास सांगितले. पैसे मोजून आलेल्या त्या प्रेक्षकांनी कलेपेक्षा कलावंताला मोठे मानले होते.

नाट्यगृहातील संकेत

शिरूर किंवा दौंडहून पुण्याला जाऊन नाटक पाहणे म्हणजे सारा दिवस खर्ची घालणे. १९६८ मध्ये उभे राहिलेले बालगंधर्व रंगमंदिर हे अनेकांचे गंतव्यस्थान. तिसरी घंटा होते, काळोख होतो आणि प्रेक्षकाकडून वेगळ्या वर्तनाची अपेक्षा सुरू होते.

मराठी रंगभूमीवर ही शांतता पहिल्यापासून होती, असे मात्र नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यानंतर जी संगीत नाटके आली, त्यांत पदाला 'वन्समोअर' मिळणे हे यशाचे लक्षण होते. बालगंधर्वांच्या पदांना तर तो पुनःपुन्हा मिळे आणि नाटक रात्रभर लांबे. पुढे १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर करून वास्तववादी नाटकाची वाट दाखवली. रंगमंचावर घर आहे, माणसे आपापसांत बोलत आहेत आणि प्रेक्षक ते पाहतो आहे, हा आभास महत्त्वाचा ठरला. अशा नाटकात संवाद पुन्हा म्हणायला सांगणे अशक्यच होते. नाटक बदलले, तशी दाद बदलली.

आजच्या गद्य नाटकात टाळीच्या जागा साधारण ठरलेल्या असतात. लोकप्रिय नटाच्या प्रवेशाला टाळी पडते. ती थोडक्यात संपली तर नट ती मनोमन स्वीकारून पुढे जातो. विनोदी वाक्याला हसू येते. दीर्घ स्वगत संपले, प्रवेश संपून काळोख झाला, अंकाचा पडदा पडला, की टाळीला मोकळीक असते. याउलट स्वगताच्या मध्यावर, नट श्वास घेण्यासाठी थांबला असताना वाजलेली टाळी त्याची साखळी तोडते. त्या विरामात पात्र विचार करत असते. शिवाय प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत यांचे बदल ठरावीक शब्दावर बेतलेले असतात. तो शब्द टाळीत बुडाला, तर तंत्रज्ञ चुकतो आणि दोष नटाच्या माथी येतो.

करुण प्रसंगानंतर लगेच वाजणारी टाळीही विचार करण्याजोगी आहे. काळोख झाल्यावर दोन क्षण कोणीच टाळी वाजवली नाही, तर प्रयोग पडला असे नव्हे. प्रेक्षक अजून त्या प्रसंगातच आहे, हे नटाला त्या शांततेवरून कळते. आणि शेवटी सर्व कलाकार अभिवादनासाठी उभे राहतात, तेव्हा मात्र वाहनतळाकडे धाव घेणे हा सर्वांत मोठा अनादर होय. पूर्ण प्रयोगाची पोच देण्याची ती एकमेव हक्काची वेळ असते. दूरच्या प्रेक्षकाला शेवटची गाडी गाठायची घाई असते, हे खरे; पण अभिवादनाला लागतात ती दोन-तीन मिनिटेच.

इतरत्र काय घडते?

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. जर्मनीतील बायरॉइट येथे १८८२ मध्ये वाग्नरच्या 'पार्सिफाल'चे प्रयोग झाले. अंकानंतर कलाकार अभिवादनाला येणार नाहीत, या सूचनेचा अर्थ प्रेक्षकांनी 'टाळ्याच वाजवू नयेत' असा घेतला. पुढे एका प्रयोगात खुद्द वाग्नरने 'वाहवा' केली, तेव्हा त्यालाच गप्प करण्यात आले, असे सांगतात. पॅरिसमध्ये १८२० च्या सुमारास भाडोत्री टाळ्या पुरवणारे कार्यालयच निघाले होते. जपानच्या काबुकीत मात्र मागच्या बाकांवरील जाणते रसिक नटाच्या घराण्याचे नाव मोठ्याने पुकारतात. नटाने मुद्रा घेऊन स्तब्ध होण्याचा क्षण साधूनच ही हाक द्यायची असते. क्षण चुकला की हाक देणाऱ्याचे अज्ञान उघड होते. समेवर शिट्टी वाजवणाऱ्या आपल्या तमाशा-रसिकाचे हे सख्खे भावंडच म्हणावे लागेल.

प्रेक्षकाने एवढे पाळावे

मोबाईलच्या काळात नवी अडचण निर्माण झाली आहे. चित्रण करण्यासाठी वर धरलेल्या हातांना टाळी वाजवता येत नाही आणि काळोखात चमकणारा पडदा मागच्या दहा जणांचे लक्ष वेधून घेतो. लहान मुलांना नाटकाला नेताना त्यांना या गोष्टी आधी सांगितल्या, तर पुढची पिढी चांगली घडेल. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवातील कार्यक्रमांत हे सहज शिकवता येण्यासारखे आहे.

कलाप्रकार कोणताही असो, एक साधी खूणगाठ पुरेशी आहे. कलावंताचा शब्द किंवा सूर पुरा होऊ द्यावा आणि त्याने जागा मोकळी ठेवली की हात आखडता घेऊ नये. कनातीत वगाला आणि नाट्यगृहात चांगल्या संहितेला जेव्हा मनापासून दाद मिळते, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांचे प्रयोग होण्याची शक्यता वाढते. शिरूर-दौंडच्या प्रेक्षकाला तमाशाने नेमकी जागा ओळखायला शिकवले आहे आणि कीर्तनाने थांबायला. ही दोन्ही शिकवण त्याने वगाच्या कथेसाठी आणि नाटकातल्या शांततेसाठी वापरली, तर रंगमंचावर काय टिकावे हे ठरवण्यात त्याच्या टाळीचाही वाटा राहील.