गुळाच्या भावाचं पान

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. तिथल्या एका अडत दुकानासाठी माझ्या भाच्यानं भावाचं वेबपान लिहिलं: दुकानाचं नाव, तारीख आणि गुळाच्या रव्याचं वजन, प्रत, दर असा तक्ता. उघडल्यावर त्याचं तोंड उतरलं. ओळी स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तक्त्याला रेघा नाहीत. "मामा, उधारीची वही बरी की!"

कोरं पानही खरं तर कोरं नसतं. ब्राउझरची स्वतःची शैली असते: शीर्षक ठळक, दुवा निळा, कडेला ८ पिक्सेल जागा. पानाचं रूप ठरवणारी आपली सीएसएस फाइल तिच्यावर चढते आणि जिथं दोघींचं जुळत नाही तिथं सहसा आपलं चालतं. हाकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली. पहिलं प्रमाण १९९६ च्या डिसेंबरात आलं.

भाचा बूटस्ट्रॅप नावाची तयार शैली आणायला निघाला होता. त्यात जागोजागी क्लासची नावं चिकटवत बसावं लागतं. त्याउलट वॉटर, सिंपल यांसारख्या हलक्या शैली थेट टॅगलाच नियम लावतात. टेबल दिसला की रेघा, एच-वन दिसला की मोठं अक्षर. त्यांतलीच एक घेतली: पानाच्या हेडमध्ये लिंकची एक ओळ घातली की झालं. फक्त टॅग खरा हवा. भाच्यानं दुकानाचं नाव नुसतं बोल्ड केलेलं, म्हणून ते तसंच बारीक राहिलं. एच-वन केल्यावर उठून दिसलं.

आता आपल्या लिपीचं. या शैली रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या. 'गूळ'चा ऊकार खाली लोंबतो, 'किंमत'ची वेलांटी वर जाते; म्हणून ओळींतलं अंतर आम्ही १.८ केलं. ओळीची रुंदी आम्ही आधी 'सीएच'मध्ये दिली होती. ते माप शून्याच्या आकड्याच्या रुंदीवरून निघतं, मराठी अक्षरांशी त्याचा संबंध नाही. ती ३४ एम केली. भाच्यानं हौसेनं शीर्षकात लेटर-स्पेसिंग घातलं, तर शिरोरेघ तुटून 'कोल्हापूर'चे तुकडे पडले. ते काढलं. पानाची भाषा 'एमआर' अशी नोंदवली. त्यामुळे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. हे सगळं आमच्या छोट्या फाइलीत, आणि तिची लिंक मूळ शैलीच्या खाली. सारख्याच वजनाच्या नियमांत शेवटचा जिंकतो.

फोनवर पान मुंगीएवढं दिसलं. पान फोनच्या रुंदीवर मांडणारी व्ह्यूपोर्टची ओळ राहिली होती. ती घातली, तरी दराचा रकाना उजवीकडे बाहेरच. मग तक्त्याभोवती एक डिव्ह घालून त्याला आडवं सरकायची मुभा दिली.