मरे हिल ते अ‍ॅलनटाउन: ट्रान्झिस्टरची वाटचाल

डिसेंबर १९४७. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन संपर्क टेकवले आणि आत गेलेला क्षीण सिग्नल मोठा होऊन बाहेर आला. ट्रान्झिस्टर सापडला! पण टेलिफोन कंपनीला हवे होते वर्षानुवर्षं टिकणारे, एकसारखे हजारो नग. हाताने जुळवलेल्या नमुन्यापासून तिथवरचा पल्ला मोठा होता.

१९४८ मध्ये बेल लॅब्जचे वरिष्ठ अधिकारी मर्विन केली यांनी ही जबाबदारी जॅक मॉर्टन या अभियंत्यावर टाकली. मॉर्टन यांचे विकासक मरे हिललाच, संशोधकांच्या शेजारी काम करत. वरिष्ठ मात्र वेगळे. प्रत्यक्ष उत्पादन वेस्टर्न इलेक्ट्रिकचं, म्हणजे समूह एकच पण कंपनी निराळी. तिच्या पेन्सिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउन कारखान्यात बेल लॅब्जने आपली शाखा-प्रयोगशाळा बसवली. तिथले अभियंते माणसं बेल लॅब्जची, पण दिवसभर कारखान्यात.

यामागचा विचार मॉर्टन यांनी पुढे मांडला: दोन गटांत एक दुवा हवा आणि एक अडसरही हवा. छप्पर एक आणि साहेबही एकच असला, तर उद्याच्या मालाची घाई संशोधनाला गिळते. दोन्ही वेगळे असले, तर प्रयोगशाळेतलं ज्ञान कागदावरच राहतं. कंपनीच्या रचनेबद्दल इतका नेमका विचार मला क्वचितच भेटला आहे.

आणि संशोधन व उत्पादन यांच्यातली ही वाहतूक एकेरी नव्हती. सुरुवातीचं जर्मेनियम अनेक स्फटिकांचं असे. त्यांच्या सीमांवर विद्युतप्रवाह अडखळे, म्हणून एक नग दुसऱ्यासारखा वागत नसे. बेल लॅब्जमधल्याच गॉर्डन टील यांना सलग एकच स्फटिक वाढवायचा होता. संशोधन विभागात विल्यम शॉकलींसह अनेकांना त्याची गरज वाटेना. पैसे दिले मॉर्टन यांनी, कारण एकसारखेपणाची निकड त्यांना रोज भेडसावत होती. १९५० मध्ये त्याच तंत्राने टील आणि मॉर्गन स्पार्क्स यांनी जंक्शन ट्रान्झिस्टर, म्हणजे टेकवलेल्या संपर्कांऐवजी स्फटिकाच्या आतल्याच सांध्यांवर चालणारा ट्रान्झिस्टर, घडवला आणि त्याबद्दलचा शॉकलींचा सिद्धान्त प्रत्यक्षात उतरला. उत्पादनाच्या गरजेने विज्ञानालाच पुढे नेलं होतं.

१९५१ मध्ये अ‍ॅलनटाउनला उत्पादन सुरू झालं. एप्रिल १९५२ मध्ये ट्रान्झिस्टर बनवण्याचा परवाना घेतलेल्या कंपन्यांचे अभियंते शिकायला आले, तेव्हा बेल लॅब्जने त्यांना नुसती व्याख्यानं दिली नाहीत. अ‍ॅलनटाउनचा कारखानाही दाखवला.