लातुरांत पाहण्यासारखें काय आहे?

गेल्या दिवाळींत परदेशीं नोकरीस असलेला माझा पुतण्या सहकुटुंब चार दिवस घरीं आला. दुसऱ्याच सकाळीं त्यानें विचारलें, "काका, लातुरांत पाहण्यासारखें काय आहे?" "येथें काय असणार!" हें उत्तर सवयीनें माझ्या तोंडून निघून गेलें, आणि तीस वर्षें याच गांवांत मुलांना संस्कृत व इतिहास शिकविलेल्या मास्तरास मनांतल्या मनांत लाज वाटली. राष्ट्रकूट राजे शिलालेखांत लत्तलूर नगरीचे स्वामी म्हणून अभिमानानें बिरुद लावीत. तें लत्तलूर म्हणजेच आमचें लातूर, असें बहुतेक विद्वान् मानतात.

प्रथम गंजगोलाई दाखविली. मध्यें जगदंबेचें देऊळ आणि भोंवतीं सोळा रस्ते. कोठें सोनेंचांदी, कोठें गूळ, कोठें मिरची. सूनबाई दोन तास तेथून हलेनात.

दुसऱ्या दिवशीं औसा तालुक्यांतील खरोशाचीं लेणीं पाहिलीं. खरें सांगावयाचें तर मीही तीं प्रथमच पाहत होतों! वेरूळला मुलांच्या सहली नेल्या, पण घरापासून तासाभराच्या वाटेवरील हें स्थळ राहूनच गेलें. सहाव्या शतकाच्या सुमारास हीं लेणीं जांभ्या खडकांत कोरलीं. हा दगड सच्छिद्र, त्यामुळें मूर्तींचीं नाकेंडोळे झिजून गेले आहेत. तरी नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय ओळखूं येतात. पुतण्याच्या सहा वर्षांच्या मुलीनें रावणावर बोट ठेवून "हा कोण?" म्हणून विचारलें, तेव्हां अंधाऱ्या गुहेंत बसून तिला सारी कथा सांगितली. वाचकांपैकीं कोणी गेल्यास विजेरी व पाणी बरोबर घ्यावें.

उदगीरचा किल्ला मात्र घाईंत पाहिला. पुतण्यास पानिपत ठाऊक होतें, उदगीर नव्हतें! १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं येथेंच निजामास नमविलें व दौलताबादेसारखा किल्ला पदरांत पाडून घेतला. आणि पुढच्याच जानेवारीच्या १४ तारखेस पानिपतावर सर्वनाश झाला. तटावर उभा राहून तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

नांदेडचा सचखंड गुरुद्वारा आणि कंधारचा पाण्याच्या खंदकाचा किल्ला राहून गेला. पुढच्या खेपेस चार दिवसांची रजा पुरणार नाहीं, असें त्यास कळविलें आहे.