जुना पिकअप घेतला आणि पंधरा दिवसांत गिअरबॉक्स गेला: खर्च कोणाचा?



निमगाव सावा, बेल्हे, आळेफाटा या आपल्या पट्ट्यात धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिली मोठी खरेदी बऱ्याचदा गाडीचीच असते. नारायणगावला टोमॅटो न्यायचा, आळेफाट्याला कांदा न्यायचा, नाहीतर दुकानाचा माल आणायचा. नव्या पिकअपचा हप्ता झेपत नाही, म्हणून जुना घेतो. पंधरा दिवसांत गिअरबॉक्स आवाज करायला लागतो. विकणारा म्हणतो, "गाडी तुम्ही बघून घेतली." तुम्ही म्हणता, "तुम्ही सांगितलं नाही."

सरळ उत्तर असं आहे: कागदावर काही लिहिलेलं नसेल, तर बहुतेक वेळा खर्च घेणाऱ्याचाच. पण काही ठिकाणी हे बदलतं. ते नीट समजून घ्या.

१. विकणारा कोण आहे?
वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे मालाच्या दर्जाची हमी आपोआप मिळत नाही. मात्र विकणारा त्याच मालाचा धंदा करत असेल आणि गाडी कशासाठी हवी हे सांगून तुम्ही त्याच्या भरवशावर घेतली असेल, तर त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते. म्हणजे गावातल्या ओळखीच्या माणसाकडून घेतली तर तुमची बाजू कमजोर, जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेतली तर जरा मजबूत. एजंट "मी फक्त मध्ये होतो" असंच म्हणणार, म्हणून पैसे कोणाच्या खात्यावर गेले आणि पावती कोणी दिली ते बघा.

२. दोष दिसण्यासारखा होता का?
तुम्ही गाडी तपासली असेल, तर तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याची तक्रार करता येत नाही. घासलेले टायर, गंजलेली बॉडी, संपत आलेली क्लच प्लेट हे तुमच्याच खात्यात.

३. दोष लपवला का?
माहीत असलेला दोष मुद्दाम झाकला, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे ती फसवणूक ठरते. मीटर मागे फिरवणं, अपघाताची गाडी "एकदम क्लीन" म्हणून विकणं यात येतं. करारात "आहे त्या स्थितीत" लिहिलं म्हणून फसवणूक माफ होत नाही. पण पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो.

धंद्यासाठी गाडी घेतली, मग ग्राहक आयोग चालेल का?
इथे बरेच जण अडकतात. महाराष्ट्रातल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने मशीन घेतलं होतं. त्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नफ्याच्या व्यापारासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही. पण पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच आहे. मदतीला एक-दोन माणसं असली तरी चालतं. २०१९ च्या नव्या कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत आहे. म्हणजे स्वतःचा पिकअप स्वतः चालवत असाल, तर डीलरविरुद्ध जिल्हा आयोगात जाता येतं. मुदत २ वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

घेण्याआधी काय करायचं?
बेल्ह्याच्या बाजारात दात बघितल्याशिवाय कोणी बैल घेत नाही. गाडीलाही तोच नियम लावा. तुमचा स्वतःचा मेकॅनिक न्या, माल भरून चढावर चालवून बघा. फिटनेसची तारीख बघा. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस लागतो. तो लगेच संपत असेल, तर पास करून घेण्याचा खर्च किमतीतून कापा.

आणि करारात हे लिहून घ्या:

"इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांत माझ्या माहितीप्रमाणे कोणताही दोष नाही. ताबा दिल्यापासून ३० दिवस किंवा २,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत या भागांत बिघाड झाल्यास दुरुस्तीचा खर्च विक्रेता देईल."

समोरचा तयार नसेल तर निम्मा-निम्मा खर्च लिहा. तेही नको म्हणाला, तर किंमत कमी करून मागा.

बिघाड झालाच तर?
लगेच गाडी खोलू नका. आधी फोटो, व्हिडिओ आणि गॅरेजचं लेखी एस्टिमेट घ्या. विकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टाने कळवा, गाडी बघायला मुदत द्या. नंतर दुरुस्ती करा, जुने पार्ट जपून ठेवा.

पैशांच्या भांडणात टीटी फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, अडकवून ठेवू नका. विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. गिअरबॉक्स घासून गेला तर साधा विमा पैसे देत नाही, पण उद्या अपघात झाला तर हेच कागद लागतात.

शेवटी हिशोब. बजेट ४ लाख असेल तर गाडी ३ लाख ६० हजारांपर्यंतचीच बघा. उरलेले ४० हजार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. कायदा तुमच्या बाजूने असला तरी निकाल लागेपर्यंत गाडी उभी राहील, आणि टोमॅटो काही थांबणार नाही.

हा करारातला मजकूर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.