धूर नसलेली शेगडी

हस्त नक्षत्र सरता सरता कोकणात येणाऱ्या पावसाचा भरवसा नसतो. दिवसभर कडक ऊन, दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने काळे ढग, आणि मग एकाएकी असा वारा सुटतो की कापून ठेवलेले भात गोळा करायलाही वेळ मिळत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात, कोजागिरीच्या आदल्या दिवशी, मी गावच्या घरी होतो. पाच वाजता वारा आला. अर्ध्या तासात पडवीची कौले उडाली, आंब्याची फांदी तारांवर पडली आणि वीज गेली. ती तिसऱ्या दिवशी आली.

घरात पुतणी बाळंतपणाला आलेली. बाळ बारा दिवसांचे. तिच्या खोलीत एरवी विजेचा हीटर लावत. तो बंद, आणि खिडकीतून पावसाची झड आत येऊ लागली. वहिनींनी माळ्यावरची जुनी शेगडी काढली, कोळसे परसदारी चांगले फुलवले, धूर पुरता गेल्यावर शेगडी आत ठेवली. खिडक्या लावल्या, फटींत गोणपाट कोंबले. यात काही वावगे आहे असे मलाही त्या वेळी वाटले नाही.

रात्री साडेदहाला वहिनी दारात आल्या. "भाऊजी, हिचं डोकं फुटतंय म्हणते. दोनदा उलटी झाली." ओल्या बाळंतिणीचे डोके दुखले की आम्हा डॉक्टरांना पहिली शंका रक्तदाबाची. बॅटरीच्या उजेडात दाब पाहिला, ठीक होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ९९. वादळाची धास्ती आणि जागरण, असे म्हणून मी गोळी देणार, तेवढ्यात वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. "माझंही डोकं मघापासून भणभणतंय." पाळण्यात बाळ निपचित; तीन तासांत दुधासाठी रडलेही नव्हते. एका खोलीतली तीन माणसे, तीन वयांची, आणि एकाच वेळी आजारी. तेव्हा कुठे माझी नजर शेगडीकडे गेली.

कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. धूर म्हणजे हा वायू नव्हे. लालबुंद फुललेला, धूर न देणारा निखाराही तो सोडतच असतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण या वायूला ते प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरते. गाडी धावत असते, तिच्यात माल मात्र भलताच भरलेला. मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, मग गुंगी येते. माणूस झोपेत असला तर त्याला यातले काहीच कळत नाही. तान्ह्या बाळाचा श्वास जलद, म्हणून त्याच्या अंगात वायू लवकर भिनतो. आणि ते डोके दुखते असे सांगू शकत नाही.

आणि तो ९९ चा आकडा? करोनाच्या साथीत घरोघरी आलेले ते यंत्र रक्ताचा रंग पाहून हिशेब करते. प्राणवायू धरलेले रक्त आणि हा वायू धरलेले रक्त त्याला जवळजवळ सारखेच दिसते. मी डॉक्टर असून त्या आकड्यावर विसंबलो होतो, हे कबूल केलेले बरे.

तिघांना उचलून ओटीवर आणले. शेगडी अंगणात पावसात ठेवली. रस्त्यावर आडवा पडलेला फणस तोडून जीप निघायला दीड तास गेला. रुग्णालयात तिघांना नळीतून प्राणवायू सुरू झाला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा कमी व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास. पहाटे बाळ रडले आणि प्यायले.

शेक-शेगडी बंद करा, असे मी म्हणणार नाही; म्हटले तरी आमच्या वहिनी ऐकायच्या नाहीत. पण शेक घ्यायचा तो दारे-खिडक्या उघड्या ठेवून, आणि निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर काढायची. शेजारी पाण्याची बादली ठेवल्याने किंवा ओले फडके टांगल्याने हा वायू शोषला जात नाही. बाळाला ऊब हवी तर टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे, वरून गोधडी घ्यावी. याहून चांगला हीटर नाही. जनरेटर असेल तर तो पडवीत नको, खिडक्यांपासून लांब उघड्यावर हवा. त्याच्या धुरातही हाच वायू असतो.

घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर आल्यावर हलके वाटले, तर नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नका. आधी सगळ्यांना मोकळ्यावर आणा, मग दवाखाना गाठा. तिथे शेगडी पेटली होती हे आपणहून सांगा, कारण डॉक्टर विचारतीलच असे नाही. बरे वाटून घरी आल्यावरही महिनाभर लक्ष ठेवावे. काहींना दोन-तीन आठवड्यांनी विसराळूपणा येतो, चालताना तोल जातो. वहिनींना मी दर रविवारी फोन करून आदल्या दिवशीची भाजी कोणती होती ते विचारत असे. चौथ्या रविवारी त्या म्हणाल्या, "भाऊजी, पडवळ. आणि आता पुरे."